प्रसूतीची तयारी : घराची आणि गावाची

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयातील प्रसूती आणि तिची पूर्वतयारी हा आजचा विषय आहे. हा विषय डॉक्टरांचा, फार तर परिचारिकांचा आणि आशा कार्यकर्तींचा, असे कोणी म्हणेल. त्यावर बोलणारा मी, वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि माहिती खात्याचा एक सेवक आहे. ऐकणारे आपणही बहुतेक गावकारभारी आणि शिक्षक आहात. तरीही या विषयासाठी हीच सभा योग्य आहे, असे मला वाटते. डॉक्टरांचे काम रुग्णालयाच्या दारापासून सुरू होते. त्या दारापर्यंत गर्भवती स्त्री वेळेवर पोहोचते की नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांवर, गावातील वाहनावर, ओढ्यावरील पुलावर आणि शेजाऱ्यांच्या सोबतीवर अवलंबून असते. या सर्व गोष्टी आपल्या कक्षेतील आहेत.

परंपरेतील तयारी

बाळंतपणाची तयारी आपल्या समाजाला नवी नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. पहिल्या बाळंतपणासाठी लेकीला माहेरी आणतात. आई महिना-महिना आधीपासून जुन्या लुगड्यांची दुपटी शिवते, डिंक आणि अळीव निवडून ठेवते, शेकशेगडीसाठी शेणी साठविते. बाळंतविडा हा शब्दच सांगतो की, येणाऱ्या जीवाचे आणि त्याच्या आईचे लागेल ते आधी जमवून ठेवण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. मात्र ही तयारी मुख्यतः बाळ जन्मल्यानंतरच्या सव्वा महिन्याची होती. कळा सुरू झाल्यापासून बाळ जन्मून आई सुखरूप होईपर्यंतचे जे काही तास असतात, ते मात्र दैवाच्या आणि सुईणीच्या हाती सोपविलेले असत.

त्या तासांची किंमत किती मोठी होती, याची साक्ष आपल्याच इतिहासात आहे. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो अवघ्या दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्यांच्या मनाने वैद्यकीय शिक्षणाचा ध्यास घेतला. १८८६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हाच होता.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली महाराष्ट्रातील शंभर प्रसूतींपैकी सुमारे ६५ आरोग्य संस्थांमध्ये होत होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ९५ वर गेले. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २००४-०६ मध्ये राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० मातांचे मृत्यू होत. २०१८-२० मध्ये ही संख्या ३३ झाली. याच काळात केरळ राज्यात ती १९ होती. म्हणजे आपण बरीच वाट चाललो आहोत आणि पुढची वाट चालणे शक्य आहे, हे दोन्ही या आकड्यांवरून दिसते.

तथापि सरासरीच्या आकड्यांत दोन गोष्टी झाकल्या जातात. पहिली अशी की, उरलेल्या पाच प्रसूती राज्यभर सारख्या विखुरलेल्या नाहीत. गडचिरोलीची जंगले, मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा, नंदुरबारमधील अक्कलकुवा आणि धडगावचे डोंगरपाडे, जव्हार-मोखाड्याच्या वाड्या अशा ठिकाणी अडचणी एकवटलेल्या आहेत. दुसरी गोष्ट अशी की, वेळेवर येऊन सुखाने झालेली प्रसूती आणि अखेरच्या घटकेला बेशुद्ध अवस्थेत आणलेल्या स्त्रीची प्रसूती या दोन्ही कागदावर "रुग्णालयातील प्रसूती" म्हणूनच नोंदल्या जातात. म्हणून प्रसूती कोठे झाली, एवढे विचारून भागत नाही. तिथवर पोहोचण्याची तयारी आधी झाली होती काय, हेही विचारले पाहिजे.

तीन विलंब

१९९४ साली सेरीन थॅडिअस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी मातामृत्यूंच्या कारणांची एक सोपी मांडणी केली. ती आज जगभर मान्य आहे. त्यांच्या मते माता दगावते ती बहुधा तीन विलंबांमुळे. रुग्णालयात जाण्याचा निर्णय घेण्यातील विलंब हा पहिला, तेथपर्यंत पोहोचण्यातील विलंब हा दुसरा आणि पोहोचल्यानंतर योग्य उपचार मिळण्यातील विलंब हा तिसरा.

विलंबाचा अर्थ येथे तासांत मोजावा लागतो. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर दोन तासांच्या आतही मृत्यू ओढवू शकतो. अंगात मुळातच रक्त कमी असलेल्या स्त्रीला तर तेवढाही अवधी मिळत नाही. ज्या गावाहून रुग्णालय दीड तासावर आहे, तेथे "पाहू, सकाळपर्यंत वाट बघू" या एका वाक्याची किंमत काय होते, हे वेगळे सांगावयास नको.

माहितीच्या कामानिमित्त डोंगराळ भागातील एका गावच्या बैठकीला मी उपस्थित होतो. १०२ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते, हे तेथील प्रत्येकाला ठाऊक होते. भिंतीवर तसा फलकही रंगविलेला होता. रात्री फोन कोठून लागतो, असे विचारले असता, टेकावरच्या देवळापाशीच लागतो, असे उत्तर आले. रात्री त्या टेकावर जाणार कोण, यावर मात्र बैठक गप्प झाली. तेव्हा मागे बसलेली एक वयस्क सुईण म्हणाली, "साहेब, कळ सुरू झाली की बाई आधी कुणाला सांगते, ते विचारा. ती सासूला सांगते. सासू म्हणते, लेक येऊ दे. लेक कामावरून येतो रात्री. मग तो म्हणतो, भावाला विचारतो. तवर बाईची ताकद संपलेली असते."

पहिल्या विलंबाचे याहून नेमके वर्णन मी कोठे वाचलेले नाही. त्या घरातील कोणीही वाईट नव्हते. प्रत्येक जण दुसऱ्याची परवानगी शोधत होता, इतकेच. फलक रंगविला म्हणजे माहिती पोहोचली, असे आम्ही माहिती खात्यातील मंडळी पुष्कळदा धरून चालतो. निर्णयाच्या घटकेला जी उपयोगी पडते, तीच खरी पोहोचलेली माहिती होय. म्हणून माझ्या भाषणाचा एकच मुद्दा आहे : निर्णय कळा सुरू होण्यापूर्वी झालेला असावा, म्हणजे त्या रात्री कोणी कोणाला विचारण्याची गरज उरणार नाही.

पाच प्रश्नांची उत्तरे

हा निर्णय करण्यासाठी घरातील सर्वांनी मिळून पाच प्रश्नांची उत्तरे ठरवावीत. जावयाचे कोठे? जावयाचे कशाने? बरोबर कोण येणार? पैसा, रक्त आणि कागदपत्रे यांची सोय काय? आणि मागे घर, मुले व गुरे कोण पाहणार? डोहाळजेवणाच्या दिवशी घरातील वडीलधारी माणसे एकत्र असतात. ओटी भरून झाल्यावर अर्धा तास बसून ही पाच उत्तरे ठरविली, तर त्या सोहळ्याला अधिक अर्थ येईल.

पहिला प्रश्न, जावयाचे कोठे? याचे उत्तर गर्भवतीच्या तपासणीवरून ठरते. म्हणून नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावयास हवी. त्यानंतर १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ आठवड्यांनंतर अशा, नोंदणीच्या वेळची धरून, किमान चार तपासण्या आवश्यक आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. हे अभियान २०१६ पासून चालू आहे. तपासणीत वजन, रक्तदाब, रक्तातील हिमोग्लोबिन, लघवी आणि पोटावरून गर्भाची स्थिती पाहिली जाते. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय होय आणि ७ ग्रॅमपेक्षा खाली गेले तर तो तीव्र रक्तक्षय होय. लोहाच्या गोळ्या किमान १८० दिवस नियमाने घेणे हा प्रसूतीच्या तयारीचाच भाग आहे. कोनाड्यात साठलेल्या गोळ्यांच्या पाकिटांनी रक्त वाढत नाही.

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असणे, पूर्वीची प्रसूती शस्त्रक्रियेने झालेली असणे, जुळे किंवा पायाळू बाळ, तीव्र रक्तक्षय, मधुमेह, हृदयविकार, सिकलसेलसारखा आजार अथवा फार कोवळे वय, यांपैकी काहीही असल्यास ती माता जोखमीची समजली जाते. तिची प्रसूती शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी प्रसूती उत्तम होऊ शकते. परंतु तेथे शस्त्रक्रियेने प्रसूती होत नाही आणि रक्तही दिले जात नाही, हे ध्यानात ठेवावे. शिवाय जोखीम नसलेल्या स्त्रीलाही ऐन वेळी अडचण उद्भवू शकते. सर्वसाधारणपणे शंभर गर्भवतींपैकी सुमारे पंधरा जणींच्या बाबतीत गंभीर गुंतागुंत होण्याचा संभव असतो आणि त्या पंधरा जणी कोण, हे आधी पूर्णपणे सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक घराला दोन नावे ठाऊक असावीत. एक प्रसूती जेथे करावयाची त्या संस्थेचे आणि दुसरे, तेथून पुढे पाठविण्याची वेळ आली तर जेथे जावयाचे त्या मोठ्या रुग्णालयाचे.

दुसरा प्रश्न वाहनाचा. गर्भवती आणि आजारी अर्भक यांच्यासाठी १०२ क्रमांकाची आणि कोणत्याही तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. पण गाडी निघाल्यापासून आपल्या वस्तीपर्यंत येण्यास किती वेळ लागतो, ती कोणत्या ठिकाणापर्यंत येऊ शकते आणि तेथवर बाईला कसे आणावयाचे, हे आधी पाहून ठेवले पाहिजे. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली असू शकते. म्हणून गावातील दोन वाहनधारकांशी आधीच बोलणे करून ठेवावे. दिवस भरण्याची तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवून काढतात. तथापि बाळ त्या तारखेची वाट पाहतेच असे नाही. दोन-तीन आठवडे मागे-पुढे होणे स्वाभाविक आहे. त्यामुळे नववा महिना लागला की सर्व तयारी पूर्ण असावी.

ज्यांची तारीख आषाढ-श्रावणात येते, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण पावसाळ्यामागून पावसाळे वाचीत आलो. नर्मदाकाठच्या पाड्यांना होडीनेच पोहोचावे लागते. अशा ठिकाणी कळा सुरू झाल्यावर निघणे म्हणजे उशीर करणे होय. यासाठीच आदिवासी भागातील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ "माहेरघर" ही सोय करण्यात आली. दिवस भरण्यापूर्वी काही दिवस गर्भवतीने तेथे येऊन राहावे, बरोबर एक नातलग आणि लहान मूल आणावे, अशी ही योजना आहे. तिला दिलेले नाव किती समर्पक आहे पाहा! माहेर म्हणजे जेथे बाळंतपणाला हक्काने जावे ते घर. ज्या भागात अशी सोय नाही, तेथे रुग्णालयाच्या गावी असलेल्या आप्तांकडे आठवडाभर आधी जाऊन राहणे हाही चांगला उपाय आहे.

तिसरा प्रश्न सोबतीचा. बरोबर जाणारी स्त्री अनुभवी, धीराची आणि डॉक्टरांशी बोलू शकणारी असावी. प्रसूतिकक्षात गर्भवतीसोबत एका स्त्री-नातलगाला राहू द्यावे, असे केंद्र शासनाचे मार्गदर्शन २०१६ पासून आहे. गावच्या सुईणीला या कामी मानाने बरोबर घ्यावे. तिचा हात धरून ज्यांनी मुले जन्माला घातली, त्यांचा तिच्यावर विश्वास असतो. तिला दूर सारण्यापेक्षा सोबतीण केले, तर तिचा अनुभव वाया जात नाही आणि भित्र्या मुलीला आधार मिळतो.

चौथा प्रश्न पैसा, रक्त आणि कागदपत्रे यांचा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून शासकीय आरोग्य संस्थांत प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या आणि रक्त मोफत आहे. साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवस आहार मोफत आहे. घरून रुग्णालयात, गरज पडल्यास एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात आणि परत घरी जाण्याची वाहतूकही मोफत आहे. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींच्या ग्रामीण मातेला ७०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. या रकमा बँक खात्यात जमा होत असल्याने मातेच्या स्वतःच्या नावाचे खाते आधीच उघडलेले असावे.

तरीही घरात थोडा रोख पैसा असावा. बरोबरच्या माणसांचे जेवण आणि बुडालेली मजुरी यांचा भार सोसावा लागतोच. महिला बचत गटांनी यासाठी थोडी रक्कम राखून ठेवली, तर सावकाराकडे जाण्याची वेळ येणार नाही. मातेचा रक्तगट कार्डावर लिहिलेला असावा आणि रक्त देऊ शकणाऱ्या दोन निरोगी व्यक्ती आधी ठरलेल्या असाव्यात. आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या मातेने ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. तिचे बाळ आरएच पॉझिटिव्ह असल्यास तिला ७२ तासांच्या आत विशिष्ट इंजेक्शन द्यावे लागते.

बाळंतविड्याची जागा आता एका पिशवीने घ्यावी. तीत माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ततपासणीचे कागद, आधारकार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, मातेचे दोन-तीन सैल सुती कपडे, स्वच्छ धुतलेली मऊ दुपटी, टोपडे, लंगोट, पॅड, साबण, टॉवेल, चादर, पेला-ताटली आणि पाण्याची बाटली एवढे असले म्हणजे पुरे. आठवा महिना सरण्यापूर्वी ही पिशवी भरून दाराजवळ टांगून ठेवावी. घरातील प्रत्येकाला ती कोठे आहे, हे ठाऊक असावे.

पाचवा प्रश्न फार लहान वाटतो. पण मला तो महत्त्वाचा वाटतो. मागे राहिलेले मूल कोणाकडे राहणार, म्हैस कोण पिळणार, हे ठरलेले नसेल, तर बाई शेवटच्या घटकेपर्यंत घर सोडावयास तयार होत नाही. आपल्या जिवापेक्षा ती घराची काळजी आधी करते. शेजारणीने "मी आहे, तू जा" एवढे म्हटले, तरी एक विलंब टळतो.

निघावयाचे केव्हा

ठरावीक अंतराने येणाऱ्या आणि जोर वाढत जाणाऱ्या कळा सुरू झाल्या, की निघावे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस प्रसूती लवकर होते. म्हणून तेव्हा तर वाट पाहूच नये. अंगावरून रक्त जाणे, कळा नसताना पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, झटके, जोराचा ताप किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर तारीख, वार, मुहूर्त न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. ही लक्षणे घरातील पुरुषांनाही पाठ असावीत.

माहेर आणि स्थलांतर

आपल्याकडील दोन गोष्टी या तयारीला नेहमी छेद देतात. तपासणी सासरच्या गावी होते आणि सातव्या-आठव्या महिन्यात लेक माहेरी जाते. तिकडच्या आरोग्यसेविकेला ती जोखमीची आहे, हे ठाऊकच नसते. लेक निघताना ओटीत नारळ घालतो, त्याबरोबर तिचे कार्डही द्यावे आणि सासरच्या आशाताईंनी माहेरच्या आशाताईंना निरोप द्यावा. दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतील कुटुंबे बिऱ्हाड बांधून कारखान्यांच्या परिसरात जातात आणि त्यांत दिवस गेलेल्या स्त्रियाही असतात. कोणते कुटुंब कधी निघणार, हे शाळेतील शिक्षकांना सर्वांआधी समजते, कारण त्यांचा विद्यार्थी शाळेतून निघतो. शिक्षकांनी ती बातमी आरोग्यसेविकेला दिली, तर कार्ड त्या मातेबरोबर जाईल आणि ज्या गावी तळ पडणार, तेथील आरोग्य केंद्राला ती कळेल.

रुग्णालयाची तयारी

आतापर्यंत घराची आणि गावाची कर्तव्ये सांगितली. परंतु तिसरा विलंब रुग्णालयाच्या दाराच्या आत घडतो आणि त्याची जबाबदारी आपणा शासकीय सेवकांची आहे. घरी बाळंत होणाऱ्या स्त्रियांना विचारले, तर अंतराइतकेच त्या भीतीचे कारण सांगतात. पोट फाडतील ही एक भीती आणि ओरडतील ही दुसरी. कळांनी विव्हळणाऱ्या बाईला उद्देशून काढलेला एक कठोर शब्द तिच्याबरोबर गावात परत जातो आणि पुढच्या दहा जणींना अडवितो. आमच्या कोणत्याही भित्तीपत्रकात त्या शब्दाला पुसून टाकण्याची शक्ती नाही. प्रसूतिकक्षातील सेवेचा दर्जा आणि तेथील वागणूक सुधारण्यासाठी २०१७ साली "लक्ष्य" हा कार्यक्रम सुरू झाला, तो याच जाणिवेतून.

रुग्ण कल्याण समितीवर आपल्यापैकी काही लोकप्रतिनिधी आहेत. त्यांनी बैठकीत केवळ सही करून उठू नये. प्रसूतिकक्षात रात्री दिवा गेला तर पर्यायी सोय आहे काय, पाणी आणि स्वच्छतागृह आहे काय, पडदा आहे काय, आहार प्रत्यक्ष मिळतो काय, हे पाहावे. उणीव दिसली तर ती दूर करण्यासाठी मदत करावी. दोष काढण्याइतकेच, रात्री-अपरात्री एकटीने प्रसूती करणाऱ्या परिचारिकेच्या पाठीशी उभे राहणे हेही समितीचे काम आहे.

प्रसूती झाली म्हणजे सारे संपले, असे समजून काही मंडळी त्याच संध्याकाळी घरी निघण्याची घाई करतात. आईच्या जिवाला सर्वांत अधिक धोका पहिल्या चोवीस तासांत असतो. म्हणून किमान ४८ तास रुग्णालयात राहावे. बाळाला पहिल्या तासाच्या आत आईचे दूध पाजावे. पहिले चिकाचे दूध टाकून देऊ नये. मध, साखरेचे पाणी, गुटी देऊ नये. बाळाला लगेच न्हाऊ न घालता कोरडे करून आईच्या उबेत ठेवावे. जन्मताच द्यावयाच्या लसी तेथेच घ्याव्यात. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत होणे आवश्यक असते. रुग्णालयातील जन्माची खबर संस्थेमार्फत दिली जाते, ती झाल्याची खात्री करून घ्यावी. घरी आल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट देतात. नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कार्यातून पुढे आली आणि देशभर स्वीकारली गेली, याचा आपणा सर्वांना अभिमान वाटावा.

गावाने काय करावे

शेवटी आपल्या गावासाठी काही सूचना करतो. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने दर महिन्याच्या बैठकीत पुढील तीन महिन्यांत दिवस भरणाऱ्या मातांचा आढावा घ्यावा. त्यांपैकी किती जणींची पाच उत्तरे ठरली आहेत, एवढाच प्रश्न विचारावा. समितीच्या अबंधित निधीतून, नियमांच्या चौकटीत राहून, गरीब मातेच्या प्रवासाला साहाय्य करता येते. त्याचा निर्णयही आधी करून ठेवावा. वाहनधारकांचे, आशाताईंचे आणि आरोग्य केंद्राचे दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहावेत. मातांची नावे मात्र फलकावर लिहू नयेत. ती आरोग्यसेविकेच्या नोंदवहीतच असावीत. स्त्रीच्या आरोग्याची माहिती ही तिची स्वतःची असते.

२०११ पासून राज्यातील पंचायत राज संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आज येथे बसलेल्या सरपंच भगिनींनी हा विषय हाती घेतला, तर तो "बायकांचा विषय" म्हणून बाजूला पडणार नाही. शिक्षकांनी पालकसभेत तरुण वडिलांशी आणि आजोबांशी बोलावे. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न होऊ न देणे हीदेखील सुरक्षित प्रसूतीची फार आधीची तयारी आहे, हे शाळेइतके कोणालाही पटवून देता येणार नाही.

रस्ता, पूल, रुग्णवाहिका आणि रुग्णालय यांसाठी शासनाने पैसा खर्च करावा, ही मागणी रास्तच आहे आणि ती आपण करीत राहावी. परंतु परवानगी देण्यास पैसा लागत नाही. "कळ सुरू झाली, की कोणाची वाट न पाहता जावयाचे" हा शब्द सासूने सुनेला आणि नवऱ्याने बायकोला सातव्या महिन्यातच द्यावा. आपल्या गावातील प्रत्येक घरात हा शब्द दिला गेला आहे, असे पुढील ग्रामसभेत सांगता येईल इतके काम आपण करावे, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.